भंगारात काढण्याआधी

आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात सहा संगणक आहेत. २०१४ साली एका देणगीतून घेतलेले, चौथ्या पिढीचे आय-थ्री, ४ जीबी रॅम. पुस्तकांची देवघेव, वर्गणीच्या पावत्या आणि स्पर्धा परीक्षांच्या मुलांचे अर्ज यांसाठी ते दिवसभर चालू असतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर निदान आठव्या पिढीचा लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. म्हणजे आमचे सहाही संगणक बाद. दुकानदाराचे कोटेशन आले : जुने भंगारात काढा, नवे घ्या. रक्कम दोन लाखांच्या वर, आमच्या वर्षभराच्या ग्रंथखरेदीपेक्षा जास्त.

मी कार्यकारिणीपुढे याच संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत संगणक प्रणाली घालण्याचा प्रस्ताव ठेवला. त्यावर जे आक्षेप आले, ते मी शाळांत, पतसंस्थांत, नातेवाइकांच्या घरी कितीतरी वर्षे ऐकत आलो आहे. म्हणून त्यांचा नीट समाचार घ्यायला हवा.

पहिला आक्षेप : सगळे विंडोज वापरतात, म्हणजे तीच चांगली असणार. वापरणाऱ्यांपैकी कितीजणांनी ती निवडली? संगणक घेतला तेव्हा ती आत होती. महाराष्ट्रात दोन दशके लाखो लोक एमएस-सीआयटी करून संगणक शिकले आणि तिथे त्यांच्यापुढे विंडोजच होती. यातल्या 'एमएस'चा अर्थ महाराष्ट्र स्टेट असा आहे, पण तो मायक्रोसॉफ्ट असल्याचे मला अनेकांनी खात्रीने सांगितले आहे. ज्याची दुसऱ्या कशाशी कधी तुलनाच झाली नाही, त्याला पसंती म्हणता येत नाही. ती सवय आहे.

सवयीला मी हलके लेखत नाही. आमच्या ग्रंथपाल बाई पन्नाशीच्या पुढच्या आहेत, वीस वर्षांचे वळण त्यांच्या बोटांत आहे. पण ते वळण कशाचे आहे ते पाहा. ब्राउझर उघडायचा, तक्त्यात नोंद करायची, पावती छापायची. मिंटमध्ये मेनू डाव्या कोपऱ्यात खालीच असतो, ब्राउझर तोच असतो, तक्ता लिब्रेऑफिसचा असतो. मिंट घातल्यावर सरावायला त्यांना दोन दिवस लागले. जुन्या प्रिंटरने मात्र माझी एक अख्खी दुपार खाल्ली, हे लपवणार नाही. तो चालू झाल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "सर, पावती निघाली ना, मग झालं."

दुसरा आक्षेप : फुकट ते टिकाऊ नसते. हे म्हणणाऱ्यांच्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून प्रत्येक संगणक लिनक्सवर आहे. लिनस टोरवाल्ड्‌सने १९९१ साली हेलसिंकीत विद्यार्थी असताना हा गाभा लिहायला घेतला. आज त्यावर इंटेल, गूगल, रेड हॅट यांचे पगारी अभियंते काम करतात. आणि फुकटाचीच चिंता असेल, तर गावोगावी दोन-तीनशे रुपयांत 'विंडोज टाकून' दिली जाते, तिची आधी करा. परवाना नाही, क्रॅक कोणी बनवला ठाऊक नाही, अद्यतने बंद करून ठेवलेली. अशा संगणकावर आपण बँकेचा पासवर्ड टाकतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : लिनक्सवर मराठी चालत नाही. तो खोटेपणाने घेतलेला नाही, अनुभवातून आलेला आहे. आमचीच गोष्ट सांगतो. वाचनालयाची सुमारे अकरा हजार पुस्तकांची यादी एका जुन्या फॉन्टात टाइप केलेली होती. मिंटवर ती उघडली आणि पुस्तकांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मग मी तीच फाइल एका सभासदाच्या नव्याकोऱ्या विंडोज लॅपटॉपवर उघडली. तिथेही तोच काला. कारण त्या फॉन्टात 'क' हा 'क' म्हणून साठवलेलाच नव्हता. इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवले होते. तो फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट गेला की काहीच नाही. दोष फाइलीच्या घडणीत होता, प्रणालीत नव्हता.

युनिकोड या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीला १९९१ पासून स्वतःची १२८ घरे आहेत. त्यात लिहिलेला मजकूर विंडोज, मॅक, लिनक्स, फोन सगळीकडे सारखाच वाचता येतो. टंकलेखनही वेगळे शिकावे लागत नाही. इनस्क्रिप्ट या कळफलकात 'के'च्या कळीवर क, 'डी'वर हलन्त, शिफ्ट धरून 'जे' दाबले की ऱ. ऱ, हलन्त आणि य या क्रमाने 'आचाऱ्यांना' लिहिले की स्वयंपाक करणाऱ्यांना निरोप जातो, साधा र घेऊन 'आचार्यांना' लिहिले की गुरुजींना. हा फरक विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे त्याच कळांनी साधतो. आम्ही यादी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणली. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती नंतर साठते, म्हणून जोडाक्षरांवरच्या वेलांट्या बऱ्याच ठिकाणी भलत्याच अक्षरावर जाऊन बसल्या. कॉलेजच्या चार मुलींनी तीन आठवडे बसून त्या दुरुस्त केल्या. आता ती यादी कुठल्याही प्रणालीवर उघडते. उद्या वाचनालयाने पुन्हा विंडोज घेतली तरी एक अक्षर हलणार नाही.

चौथा आक्षेप जाणकार घेतात. ते म्युनिकचे उदाहरण देतात. त्या शहराच्या पालिकेने सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर नेले, ते काम २०१३ साली पूर्ण झाले, आणि २०१७ साली विंडोजकडे परतण्याचा ठराव झाला. घटना खरी आहे. पण तेवढ्यावर लिनक्स मोठ्या कारभाराला पेलत नाही असे ठरत नाही. केरळच्या सरकारी शाळांत कित्येक वर्षे मुले मुक्त प्रणालीवर संगणक शिकतात आणि दहावीची आयटीची परीक्षाही त्यावरच देतात. केरळ आपल्याला म्युनिकहून जवळ आहे. आपण तिकडे का पाहत नाही?

आमच्या बाजूचेही काही लोक चुकीचे बोलतात. लिनक्सला धोकाच नाही, असे ते छातीठोकपणे सांगतात. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या जवळजवळ सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या घटकात कोणीतरी चोरदरवाजा बसवलेला सापडला. एका अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो हा प्रश्न पडला, म्हणून तो सापडला. स्रोत खुला होता म्हणून त्याला तळापर्यंत जाता आले, हे खरे. पण धोका होता, हेही तितकेच खरे. तसेच ज्याची पेढी टॅलीवर चालते, ज्याचा छापखाना पेजमेकर आणि कोरलवर उभा आहे, त्याला मी विंडोज सोडा असे सांगणार नाही. त्याचे काम तिथे आहे.

वाचनालयाचे, शाळेचे, घरातल्या अभ्यासाचे काम तिथे नाही. हे सगळे लिनक्सवर होते, आणि दहा-बारा वर्षांच्या संगणकावरही होते. मिंट २२ ला किमान २ जीबी रॅम पुरते आणि तिची सुरक्षा अद्यतने एप्रिल २०२९ पर्यंत मिळणार आहेत. आमचे सहाही संगणक आज चालू आहेत, आणि वाचलेल्या पैशांतून घ्यायच्या पुस्तकांची यादी कार्यकारिणीने मंजूर केली आहे.

तुमच्या शाळेत, वाचनालयात किंवा घरी संगणक भंगारात काढायचा ठराव होणार असेल, तर सही करण्याआधी एक संध्याकाळ द्या. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट घ्या आणि त्यावरूनच संगणक सुरू करा. हार्डडिस्कवरचे काही पुसले जात नाही. ब्राउझर उघडून पाहा, मराठीत एक पान टाइप करा, प्रिंट काढा. जमले नाही तर पेनड्राइव्ह काढून घ्या, संगणक होता तसाच सुरू होईल.