पेन्शन सीमा ओलांडते, औषधपाणी ओलांडत नाही

वाट पाहणारी माणसे देवळालीने पुष्कळ पाहिली आहेत. इंग्रजी अमलात मुदत संपलेल्या गोऱ्या सोल्जरांना मायदेशी नेणाऱ्या बोटी साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटत. ज्याची मुदत एप्रिलात संपली त्याला पुढच्या थंडीपर्यंत इथल्या छावणीत दिवस मोजत बसावे लागे. काम नाही, कवायत नाही. वर ऊन आणि हिवताप. त्यात एखाद्याचे डोके फिरले की त्याला ‘देवळालीचा ताप’ चढला असे सोबती म्हणत. आमच्या गावाचे नाव ‘डूलाली’ असा अपभ्रंश होऊन इंग्रजी शब्दकोशात जाऊन बसले ते असे.

आज देवळाली कॅम्पात वाट पाहणारे आहेत ते आपलेच लोक. तोफखान्यातून निवृत्त झालेले अधिकारी आणि जवान, नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधले, ओझरच्या विमान कारखान्यातले, बँकांतले आणि मुंबईच्या गर्दीला कंटाळून कोरड्या हवेसाठी इथे आलेले. यांतल्या कितीतरी घरांतला मुलगा न्यू जर्सीत, मुलगी टोरांटोत किंवा मेलबर्नमध्ये असते. पूर्वी बोलावणे येई ते बाळंतपणापुरते, सहा महिन्यांचे. आता बोलावणे वेगळे असते : “दोघेच तिकडे कशाला राहता? घर काढून टाका आणि कायमचे इकडे या.” मग व्हिसाच्या तारखांची वाट पाहणे सुरू होते.

मी याच कॅम्पात राहतो. चार इंग्रजी कागद वाचायची सवय असल्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या विम्याच्या पॉलिसी वाचून देण्याचे काम आपसूक माझ्याकडे आले. त्या वाचनातून माझे एक मत पक्के झाले आहे. आपल्या पिढीने आयुष्यभर नोकरी करून दोन गोष्टी कमावल्या : महिन्याचे पेन्शन आणि आजारपणातला आधार. पहिली गोष्ट सीमा ओलांडते. माणूस ह्यूस्टनला असला तरी पेन्शन इथल्या बँकेत जमा होत राहते. दुसरी ओलांडत नाही. आणि सत्तरीनंतर या दोहोंपैकी कशाची गरज अधिक, हे सांगायला नको.

आधी इथे काय आहे ते पाहू. माजी सैनिकांसाठी ‘ईसीएचएस’ ही अंशदायी आरोग्य योजना १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. एकदा वर्गणी भरली की पती-पत्नीला जन्मभर उपचार. कॅम्पातच तिचे पॉलिक्लिनिक आहे, शिवाय मिलिटरी हॉस्पिटल आहे. नागरी नोकरीतल्यांसाठी १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ आणली, आणि पुढे खाजगी कंपन्यांनी तिच्या शंभर आवृत्त्या काढल्या. २०२४च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेत घेतले. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. ज्यांच्याकडे ईसीएचएस किंवा केंद्राची सीजीएचएस आहे त्यांनी दोहोंपैकी एक निवडायचे, एवढीच अट.

म्हणजे कागदावर तरी निवृत्त माणूस आज पूर्वीइतका उघडा नाही. रांगा आहेत, कटकटी आहेत, ‘कॅशलेस’ म्हणून दाखल झालेल्याला रोख भरायला लावणारी रुग्णालये आहेत. तरी आधार आहे. पण हा सगळा आधार देशापुरता. सहार विमानतळावर पारपत्रावर शिक्का बसला की ईसीएचएसचे कार्ड, आयुष्मानचे कार्ड आणि बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी पाकिटातले नुसते कागद होतात.

पलीकडे काय मिळते? अमेरिकेत म्हाताऱ्यांसाठी ‘मेडिकेअर’ आहे. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६५ साली त्या कायद्यावर सही केली. पासष्टी गाठलेल्याला ती मिळते हे ऐकून आपले लोक हुरळून जातात. पण तिच्यातला रुग्णालयाचा भाग विनामूल्य मिळतो तो ज्याने, किंवा ज्याच्या जोडीदाराने, तिथे साधारण दहा वर्षे कर भरून नोकरी केली त्याला. मुलाने भरलेला कर आईबापांच्या खात्यात धरत नाहीत. ग्रीन कार्ड घेऊन गेलेल्या आईवडिलांना सलग पाच वर्षे राहिल्यावर ती विकत घेता येते, आणि तिची किंमतही ऐका : २०२५ साली रुग्णालयाच्या भागासाठी माणशी महिना ५१८ डॉलर आणि डॉक्टरांच्या भागासाठी १८५ डॉलर. पहिल्या पाच वर्षांत खाजगी विमा घ्यावा लागतो. ओबामांच्या २०१० सालच्या कायद्यामुळे त्या बाजारातली कंपनी जुन्या आजाराचे कारण सांगून नाही म्हणू शकत नाही, हे खरे. पण हप्ता वयाप्रमाणे चढतो. आणि जे नुसत्या भेटीच्या व्हिसावर गेले आहेत त्यांच्यासाठी हेही नाही. जीव धोक्यात असलेल्या माणसाला रुग्णालयाने तपासलेच पाहिजे, स्थिर केलेच पाहिजे, असा कायदा तिथे १९८६पासून आहे. दार उघडते, पण बिल मागाहून येतेच.

इंग्लंडची ‘एनएचएस’ १९४८पासून सर्वांसाठी, हीही अशीच एक समजूत. ती तिथल्या रहिवाशांसाठी आहे. भेटीला गेलेल्या आपल्या माणसाला तातडीच्या विभागात फुकट तपासतात. पण रुग्णालयात दाखल केले की नेहमीच्या दराच्या दीडपट आकारणी होते. सहा महिन्यांहून अधिक काळच्या व्हिसावर जाणाऱ्याला आरोग्य अधिभार भरावा लागतो. २०२४पासून तो वर्षाला १०३५ पौंड आहे. आणि म्हाताऱ्या आईवडिलांना कायमचे नेण्याचा तिथला नियम २०१२पासून इतका कडक आहे की फार थोड्यांना तो पार करता येतो.

कॅनडाने २०११ साली आईवडिलांसाठी ‘सुपर व्हिसा’ काढला. २०२२पासून एका खेपेत पाच वर्षांपर्यंत राहता येते. पण किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान एका वर्षाचा विमा दाखवल्याशिवाय तो व्हिसा मिळत नाही. ऑस्ट्रेलियाने अकरा देशांशी एकमेकांच्या प्रवाशांवर उपचार करण्याचे करार केले आहेत. त्या यादीत भारत नाही. युरोपचा शेंगेन व्हिसा हवा तर निदान तीस हजार युरोंचे विमा संरक्षण सक्तीचे. थोडक्यात, यजमान देश सांगतो, “या, बसा, मात्र आजारी पडायचे तर स्वतःच्या खर्चाने.” त्या देशांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्याने तिजोरीत काही घातले नाही त्याला तिजोरी उघडून कोण देईल?

उरतो प्रवासी विमा. इथेच सर्वात जास्त फसगत होते, कारण तिकिटाबरोबर तो एखाद्या चटणीच्या पुडीसारखा मिळतो आणि कोणी उघडून पाहत नाही. पाहावे ते तीन ठिकाणी. पहिले, ‘आधीपासूनचे आजार’. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांपासून उद्भवलेले दुखणे बहुतेक पॉलिसी वगळतात, किंवा जिवावर बेतले तरच, तेही छोट्या मर्यादेपर्यंत देतात. आपल्या वयात यांपैकी एकही आजार नाही असा माणूस शोधून काढावा लागेल! दुसरे, ‘डिडक्टिबल’; म्हणजे कंपनीने खिशात हात घालण्याआधी आपण भरायची रक्कम. तिसरे, आतल्या मर्यादा. वर पन्नास हजार डॉलर लिहिलेले असते. आत खोलीसाठी दिवसाला एवढे, शस्त्रक्रियेला एवढे, अशी छोटी छोटी कुंपणे असतात. वय सत्तरीपुढे गेले की ती आणखी आवळली जातात.

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांचे उदाहरण सांगतो. लेकीकडे गेले असताना छातीत दुखू लागले. तीन रात्री रुग्णालयात काढल्या, सुखरूप घरी आले. दावा नामंजूर झाला. कारण रक्तदाबाची गोळी ते आठ वर्षे घेत होते आणि पॉलिसीच्या अर्जात त्या रकान्यात एजंटाने ‘नाही’ अशी खूण केली होती. बिल जावयाने हप्त्याहप्त्याने फेडले. मला ते म्हणाले, “अहो, दुखणे तीन दिवसांचे होते, पण त्यानंतर मी त्या घरात पाहुणा राहिलो नाही, देणेकरी झालो.” या एका वाक्यात सगळा प्रश्न आला. तो नुसता डॉलरचा नाही, म्हाताऱ्या माणसाच्या घरातल्या जागेचा आहे.

याची उलटी बाजूही आहे, आणि ती आता नाशिककडे दिसू लागली आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकात अमेरिकेला गेलेले आपले डॉक्टर-इंजिनियर निवृत्त होऊन काही महिने, काही जण कायमचे, इकडे येऊ लागले आहेत. त्यांनी तिथे नोकरीभर पगारातून मेडिकेअरचा कर भरला. अमेरिकी नागरिकाला सोशल सिक्युरिटीचे पेन्शन भारतात राहूनही घेता येते; मेडिकेअर मात्र, अगदी थोडे अपवाद सोडले तर, अमेरिकेबाहेर उपचाराचा खर्च देत नाही. शस्त्रक्रिया नाशिकला कितीतरी स्वस्तात होईल, तरी ती करायला माणूस विमानात बसून परत जातो. आणि जो पाच-सात वर्षे काम करून परतला, त्याचा करही तिकडेच राहिला. कारण भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही. एकाच देवळालीच्या रस्त्यावर हे दोघे सकाळी फिरायला भेटतात : एकाचा हक्क इकडे आणि मुलगा तिकडे, दुसऱ्याचा हक्क तिकडे आणि मन इकडे.

हे असेच चालायचे, असे मात्र मला वाटत नाही. इंग्लंडात आयुष्य काढून स्पेनच्या किनाऱ्यावर राहायला गेलेल्या पेन्शनराला स्पेनचे डॉक्टर तपासतात आणि खर्च ब्रिटनचे सरकार देते. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावरही ही सोय टिकली. इतके लांब तरी कशाला जायचे? भारतीय सेनेत नोकरी करून नेपाळात परतलेल्या गोरखा सैनिकांसाठी आपल्याच ईसीएचएसची काठमांडू, पोखरा आणि धरान इथे पॉलिक्लिनिके आहेत. म्हणजे निवृत्ताचा औषधपाण्याचा हक्क सीमेपलीकडे पोचवणे आपल्या सरकारला जमते; मनात आणले की जमते. बेल्जियम (२००९), कॅनडा (२०१५), ऑस्ट्रेलिया (२०१६) अशा अनेक देशांशी भारताचे सामाजिक सुरक्षा करार अमलात आले. त्यांत पेन्शन आणि वर्गणीचा हिशेब आहे. आजारी आईबापांचा नाही. पुढच्या वाटाघाटींत हे कलम मागायला हवे. परदेशी भारतीयांची संमेलने भरतात, गुंतवणुकीची भाषणे होतात. त्यात कोणी तरी उठून विचारायला हवे की गुंतवणूक करणाऱ्याच्या आईचे काय?

करार होतील तेव्हा होतील. तोवर प्रत्येक घराने स्वतःचा हिशेब मांडायचा आहे. माझे सांगणे मोजकेच आहे. जाताना इथली मेडिक्लेम बंद करू नका. “तिकडेच राहणार, मग इथला हप्ता का भरायचा?” हा सवाल रास्त वाटतो, पण चार वर्षांनी एकटेपणा आला, जोडीदार गेला किंवा थंडी सोसेनाशी झाली आणि परत यावे लागले तर नव्या पॉलिसीची सुरुवात शून्यापासून होते. विमा नियामकाने २०२४ साली पॉलिसी घेण्यावरची पासष्ट वर्षांची मर्यादा उठवली आणि जुन्या आजारांसाठी थांबण्याची मुदत चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली, हे चांगलेच झाले. सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा अठरा टक्के जीएसटीही गेला. पण पंचाहत्तराव्या वर्षी तीन वर्षे थांबणे म्हणजे काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

प्रवासी विमा घ्या तो महागातला, जुने आजार स्पष्ट लिहून, अर्ज स्वतःच्या हाताने भरून. औषधांची चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट बरोबर ठेवा. मुलांशी पैशाचे बोलणे तिकीट काढण्याआधी करा. त्यात कमीपणा नाही. कोण किती भरणार हे बैठकीत बसून ठरले की रुग्णालयाच्या व्हरांड्यात ठरवावे लागत नाही.

आणि घर विकण्याची घाई करू नका. मुलांनी बोलावणे हा त्यांचा जिव्हाळा आहे, आणि काहींसाठी जाणे हेच योग्य. एकट्या पडलेल्या माणसाला नातवंडांचा आवाज हेही औषध असते. पण कॅम्पातली दोन खोल्यांची जागा, वीस वर्षे नाडी ओळखणारा डॉक्टर आणि चालू असलेली पॉलिसी ही तीन मिळून जे काही होते ते परदेशी बाजारात कोणत्याही हप्त्याला विकत मिळत नाही. जायचे तर जरूर जावे. मात्र एक वर्ष राहून पाहावे, एक हिवाळा काढून पाहावा, आणि मगच इथल्या किल्ल्या कोणाच्या हाती द्यायच्या ते ठरवावे.