चिंधीचा हिशेब

टाकाऊ कापडातून विद्यार्थ्यांनी कलावस्तू घडवाव्यात यासाठी भरणाऱ्या कार्यशाळांकडे सुटीतील करमणूक म्हणून पाहण्याची प्रथा आहे. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत तरी ही दृष्टी बदलली पाहिजे. बाबा आमटे यांनी वरोड्याजवळ १९४९ साली स्थापन केलेल्या आनंदवनात, समाजाने दूर लोटलेल्या कुष्ठरोग्यांनी माग चालविले. तेथे चिंध्या जोडून चित्रे करण्याची कलाही रुजली. हाताला काम मिळाले की माणूस ताठ मानेने उभा राहतो, हा धडा याच मातीत गिरविला गेला आहे.

परंतु श्रमाच्या गौरवाबरोबर श्रमाचा हिशेबही शिकविला गेला पाहिजे. श्रीमंत देशांत टाकलेले कपडे जहाजांतून कांडला बंदरात उतरतात. तेथे स्त्रिया ते निवडतात. पानिपतला त्यांचे पुन्हा सूत होऊन ब्लँकेटे विणली जातात. एका देशाचा कचरा दुसऱ्या देशाचा कच्चा माल होतो, तो स्वस्त श्रमाच्या बळावर. घरोघर गोधडी शिवणाऱ्या आईच्या श्रमाला तर बाजारात भावच नाही. हे अर्थशास्त्र सुई हाती घेतलेल्या मुलाला समजले नाही, तर कार्यशाळेतून शोभेच्या पिशव्यांपलीकडे काही निष्पन्न होणार नाही.

१९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाचा गाभा मानले आणि शाळेचा खर्च त्यातून निघावा अशी अपेक्षा धरली. शाळेतील माल गरीब कारागिराच्या मालाशी स्पर्धा करील, हा प्रा. के. टी. शाह यांचा त्यावरील आक्षेप आजही विचारात घेण्याजोगा आहे. आश्रमशाळांचा खर्च भागविणे हे शासनाचे कर्तव्य होय; तो भार मुलांच्या हातांवर टाकता येणार नाही.

मग तयार वस्तूंचे करावयाचे काय? मार्ग धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने दाखविला आहे. तेथे २००९ साली सामूहिक वनहक्क आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार ग्रामसभेकडे आला. बांबू तोच, तोडणारे हातही तेच. विक्रीचा हक्क मिळताच मोबदला गावात राहू लागला. हाच न्याय येथे लावावा. गोधडी शिकविणाऱ्या गावातील स्त्रीला शिक्षिकेचे मानधन मिळावे. एखादी वस्तू विकली गेलीच, तर तिचे पैसे ती करणाऱ्या विद्यार्थ्याच्या नावे जमा व्हावेत. आणि सारा जमाखर्च ग्रामसभेपुढे वाचला जावा. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातील शाळांत ही मागणी लावून धरावी.