सांडू नये असे पाणी

वळणावर मोटार मुद्दाम घसरवणे हा साहित्याच्या अभ्यासकांनीही विचारात घ्यावा असा विषय आहे, असे म्हटल्यास काहींना नवल वाटेल. शुइची शिगेनो यांची ‘इनिशियल डी’ ही जपानी चित्रकथामालिका (१९९५–२०१३) वाचल्यावर आमचे तरी तसे मत झाले आहे. तिचा नायक ताकुमी वडिलांच्या दुकानातले तोफू पहाटे घाटरस्त्याने पोहोचवतो. नाजूक तोफू मोडू नये म्हणून वडील गाडीत पाण्याचा पेला ठेवतात. वळणावर ते पाणी सांडता कामा नये.

ताकुमीची ख्याती आहे ती ‘ड्रिफ्ट’साठी. टायरची पकड मर्यादित असते आणि वळणे व वेग कमी-जास्त करणे या कामांत ती वाटली जाते. ब्रेक दाबताच भार पुढे सरकतो, मागची चाके हलकी होतात. नेमक्या त्या क्षणी स्टिअरिंग वळवले की गाडीचा मागचा भाग सुटतो. मग चालक स्टिअरिंग उलट फिरवतो आणि अ‍ॅक्सिलरेटरने ती घसरण तोलून धरतो. तोल चुकला की गाडी स्वतःभोवती गरकन फिरते.

सैल मातीवर वा बर्फावर, रॅलीच्या शर्यतीत, अशी घसरण उपयोगी पडते. कोरड्या डांबरावर ती बहुधा वेळ खाते. मग हा निव्वळ दिखाऊपणा म्हणावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. ड्रिफ्टच्या स्पर्धांत घड्याळाऐवजी परीक्षक निर्णय देतात. मार्ग, कोन आणि वेग पाहतात. गाडी गरकन फिरली तर फेरी वाया जाते. अलंकरणालाही तेथे शिस्त आहे.

आमची तक्रार आहे ती रसिकांविषयी. त्यांना टायरचा धूर आठवतो, पेला आठवत नाही. कवितेच्या तासाला आपण अध्यापकही हेच करतो. वाक्यरचना कोठे मोडली ते दाखवतो, ‘नियमोल्लंघन’ अशी चिठ्ठी चिकटवतो आणि पुढे जातो. विद्यार्थी अशा स्थळांची यादी करून गुण मिळवतात. ती ओळ काय वाहून नेत होती आणि ते शेवटपर्यंत न सांडता पोहोचले काय, हा प्रश्न उत्तरपत्रिकेत येत नाही. तो यावा, आणि घसरणीच्या कौतुकाआधी यावा, असे आमचे मत आहे.