सांगाड्याचे स्पष्टीकरण

रिडली स्कॉट यांच्या १९७९च्या 'एलियन'मध्ये परक्या यानात आसनावर एक प्रचंड सांगाडा दिसतो. बरगड्या आतून बाहेर वाकलेल्या. शरीर कोठे संपते नि आसन कोठे सुरू होते, कळत नाही. तो कोणाचा, हे चित्रपट सांगत नाही. एच. आर. गीगर यांच्या कल्पनेतून उतरलेल्या त्या दृश्याने आम्हाला वर्षानुवर्षे अस्वस्थ ठेवले.

२०१२च्या 'प्रोमिथिअस'मध्ये त्याच स्कॉट यांनी खुलासा केला : सांगाडा वाटला तो पोशाख होता! आत गोरापान, धिप्पाड, जवळजवळ माणूसच. डीएनएही आपल्याशी जुळणारा. म्हणजे विश्वाच्या त्या टोकालाही आपलाच पूर्वज निघाला.

'अखेर उत्तर मिळाले' म्हणणाऱ्या चाहत्यांशी आमचे भांडण आहे. आनंदवर्धन (परीक्षेपुरता का होईना) वाचलेल्यांना तरी कळावे, की येथे व्यंग्याचे वाच्य झाले. मायकेल फासबेंडरचा यंत्रमानव अप्रतिम, हे मान्य. पण कृती दिग्दर्शकाची, म्हणून तिचा अर्थ आकसवण्याचा अधिकारही त्याचाच, हा युक्तिवाद आम्हाला अमान्य आहे. आता 'एलियन' पुन्हा पाहताना कॅमेरा त्या आसनापाशी पोचला, की आम्हाला शिरस्त्राणाआडचा तो गोरा चेहराच आठवतो.