फोन आमचा, किल्ल्या भाच्याकडे

फोनची आणि ॲप्सची सेटिंग्ज रचणाऱ्या समस्त मंडळींना,



मी निवृत्त पोस्ट कर्मचारी. तुमच्या हिशेबी 'नॉन-टेक्निकल'. सगळी नोकरी काउंटरवर गेली, त्यामुळे फॉर्म आणि फॉर्मपुढे बावरलेली माणसं मला नवी नाहीत. म्हणूनच रागापेक्षा वाईट जास्त वाटतंय.

आमच्या वहिनींचं सांगते. बँकवाले, पोलीस, पेपरवाले सगळे बजावतात, की फोन काही मागेल तर डोळे झाकून 'हो' म्हणू नका. वहिनींनी ते मनावर घेतलं. हयातीचा दाखला हल्ली घरबसल्या चेहरा दाखवून देता येतो, म्हणून त्यांनी ॲप उघडलं. त्याने कॅमेऱ्याची परवानगी मागितली. त्या 'नको' म्हणाल्या. पुन्हा मागितली, पुन्हा 'नको'. हल्लीच्या अँड्रॉइड फोनांत दोनदा नकार दिला की तो कायमचा धरतात, पुन्हा विचारत नाहीत. मग चेहऱ्याच्या जागी नुसती काळी चौकट. नकार कुठे नोंदला गेला, तो मागे कसा घ्यायचा, कोणी चकार शब्द काढला नाही. सेटिंग्ज, त्यात ॲप्स, त्यात हे ॲप, मग परवानग्या, मग कॅमेरा. ही वाट पेन्शनर बाईला स्वप्नात दिसायची होती का? त्या चौकटीवर 'परवानगी बदला' एवढं एक बटण ठेवलं असतं तर भागलं असतं.

शेवटी फोन गेला वहिनींच्या भाच्याच्या हातात. मला लागलंय ते हे. भाचा गुणी आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच फोनात वहिनींच्या तपासण्यांचे रिपोर्ट आहेत, पेन्शन जमा झाल्याचे मेसेज आहेत, बहिणीशी केलेली सुखदुःखाची बोलणी आहेत. 'प्रायव्हसी'चं पान तुम्ही असं रचलंत, की ते लावून घ्यायला आख्खा फोन दुसऱ्याच्या स्वाधीन करावा लागतो! घरोघरी हेच चाललंय. जिथे भाचा नाही तिथे मोबाइलच्या दुकानातला पोरगा, आणि त्याला पासवर्डही सांगायचा.

तुम्ही म्हणाल, सगळं लिहिलेलं असतं, तुम्हीच वाचत नाही. वाचून तरी काय? गूगलचं ऑस्ट्रेलियातलं प्रकरण घ्या. 'लोकेशन हिस्टरी' बंद ठेवली, तरी 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी' नावाचं दुसरं बटण चालू असेल तर माणूस कुठे होता याची नोंद होऊ शकत होती. आणि ते बटण मुळातच चालू असायचं. यात ग्राहकांची दिशाभूल झाली, असा निकाल तिथल्या फेडरल कोर्टाने 2021 मध्ये दिला आणि 2022 मध्ये सहा कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. जन्मभर इंग्रजी बोलणारे जिथे चकले, तिथे आमचा काय पाड!

बरं, नवख्याच्या हाती काय लागू द्यायचं नाही, हे तुम्हाला चांगलं कळतं. अँड्रॉइडमध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचक्या मारल्याशिवाय डेव्हलपरांची सेटिंग्ज दिसतसुद्धा नाहीत. फायरफॉक्सने 2013 मध्ये जावास्क्रिप्ट बंद करायची चौकट सेटिंग्जमधून उचललीच, कारण तिच्यावरची खूण गेली की कितीतरी वेबसाइट चालेनाशा व्हायच्या. म्हणजे मनात आणलं की जमतं. मनीऑर्डर करायला आलेल्याला आम्ही विचारायचो, कोणाला आणि किती. 'टपाल कोणत्या गाडीने धाडू?' असं कधी विचारलं नाही. ते ठरवायचाच तर पगार मिळायचा.

आणि हो, अक्षराचंही सांगते. अक्षर मोठं केलं की काही ॲप्समध्ये 'पुढे' हे बटण पडद्याखाली सरकून दिसेनासंच होतं. मोठं अक्षर लावून आपलं ॲप तुमच्यापैकी कोणी एकदा तरी उघडून पाहिलंय का? नसेल, तर पुढचं अपडेट धाडण्याआधी पाहा. आणि त्या अपडेटमध्ये सेटिंग्जच्या जागा पुन्हा हलवू नका. आत्ता कुठे पाठ होत आल्यात.

कळावे,
एक निवृत्त पोस्ट कर्मचारी