प्राध्यापकांचे प्रशिक्षण : कोणासाठी आणि कशासाठी?

पुणे, नगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालये ज्या विद्यापीठाला संलग्न आहेत, त्याला २०१४ साली सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले ते नगर येथे, अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फरार यांच्या संस्थेत, ही गोष्ट नगरकर अभिमानाने सांगतात. या अभिमानाला एक विसंगती चिकटलेली आहे. प्राथमिक शाळेच्या शिक्षकाला अध्यापनाची पदविका लागते, माध्यमिक शाळेच्या शिक्षकाला बी.एड. लागते; परंतु याच विद्यापीठाच्या महाविद्यालयात रुजू होणाऱ्या सहायक प्राध्यापकाने शिकवावे कसे, याचा एका तासाचाही अभ्यास केलेला असला पाहिजे, अशी अट नाही. पदव्युत्तर पदवी आणि नेट-सेटसारखी पात्रता असली म्हणजे पुरे. ज्याला विषय येतो त्याला तो शिकवताही येतो, असे येथे गृहीत धरलेले आहे. हे गृहीतक किती खरे आहे, हे मागच्या बाकावरच्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारावे.

शासनाला किंवा विद्यापीठ अनुदान आयोगाला याची जाणीव नव्हती असे मात्र नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, १९८७ पासून, देशभर विद्यापीठांतून ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजे सुरू झाली आणि महाविद्यालयीन शिक्षकांसाठी उद्बोधन वर्ग व उजळणी वर्ग भरू लागले. त्याच वर्षी प्राध्यापकांचा देशव्यापी संप झाला, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. नवी वेतनश्रेणी, पदोन्नतीची योजना आणि प्रशिक्षण ही तिन्ही एकाच काळात, एकाच वाटाघाटीच्या वातावरणात आकाराला आली. वेतन वाढवायचे तर त्याच्या मोबदल्यात काही तरी मागितले पाहिजे, ही शासनाची भूमिका अयोग्य नव्हती. तथापि ज्या दिवशी उजळणी वर्ग पदोन्नतीच्या फाइलमधील एक आवश्यक कागद झाला, त्या दिवशी त्याचा हेतू पालटला. स्थाननिश्चितीची तारीख जवळ आली की वर्गाची आठवण होते. वर्ग संपला की प्रमाणपत्राची झेरॉक्स निघते. आणि तीन आठवडे जे ऐकले त्याचे पुढच्या जूनमध्ये वर्गात काय झाले, हे विचारणारे कोणीही नसते. २०१५ मध्ये या केंद्रांना मानव संसाधन विकास केंद्र हे नाव मिळाले आणि २०२३ मध्ये मालवीय मिशनचे. पाट्या बदलल्या, फाइल तीच राहिली.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. ज्या वस्तूला किंमत असते तिचे उत्पादन होते. जिला किंमत नसते तिचे होत नाही. २०१० च्या नियमावलीने हे तत्त्व टोकाला नेले. शिक्षकाच्या प्रत्येक कामाला गुण ठरले आणि शिक्षक स्वतःच स्वतःच्या गुणांचा तक्ता भरू लागला. शोधनिबंधाला गुण होते, म्हणून शोधनिबंधांचे उत्पादन वाढले. आणि मागणी एवढी वाढल्यावर पुरवठा करणारे निघाले नसते तरच नवल. शुल्क भरले की आठवडाभरात निबंध छापून देणारी नियतकालिके उदयाला आली. हे केवळ स्टाफरूममधील कुजबुजीचे मत नव्हे. विद्यापीठांनी शिफारस केलेल्या आणि आयोगाच्या यादीत असलेल्या नियतकालिकांपैकी सुमारे एक हजारांची तपासणी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी केली व तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट ठरली. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली आणि नवी यादी करण्याचे काम पुणे विद्यापीठातील केंद्राकडे सोपविले. 'केअर' या नावाने ओळखली जाणारी ही यादीही २०२५ च्या फेब्रुवारीत बंद करण्यात आली आणि कोणते नियतकालिक चांगले हे ज्याचे त्याने ठरवावे, असे सांगण्यात आले. ज्या शिक्षकाने मधल्या काळात यादी पाहून निबंध पाठविले, त्याची यात काय चूक होती, हे कोणीच सांगितलेले नाही.

२०१८ ची नियमावली आणि तिच्या आधारे राज्य शासनाने ८ मार्च २०१९ रोजी काढलेला निर्णय यांनी ही गुणांची गर्दी बरीच कमी केली, हे मान्य केले पाहिजे. परंतु तिच्यातील दोन कोष्टके शेजारीशेजारी ठेवून वाचण्याजोगी आहेत. पहिले कोष्टक अध्यापनाचे. नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के वा अधिक तास घेतले तर 'चांगले', ७० ते ८० टक्के घेतले तर 'समाधानकारक', त्याहून कमी घेतले तर असमाधानकारक. शिकवण्याची प्रत ठरते ती या एका गुणोत्तरावर. तास घेतला की नाही हे कळते. तासात काय घडले हे कळत नाही. दुसरे कोष्टक संशोधनाचे. सामाजिक शास्त्रातील एका निबंधाला दहा गुण आणि राष्ट्रीय प्रकाशकाने छापलेल्या संपूर्ण पुस्तकालाही दहाच. मराठी माध्यमातून अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलांसाठी दोन वर्षे खपून चांगले क्रमिक पुस्तक लिहावे, की चार पानांचा एक निबंध लिहावा? उत्तर देण्यास अर्थशास्त्र शिकलेले असण्याचीही गरज नाही. पाथर्डी-जामखेडच्या ग्रंथालयांत मराठीतील ताजी संदर्भपुस्तके का मिळत नाहीत आणि 'गाइड'चा खप का वाढतो, याचे निदान एक कारण या कोष्टकात आहे.

आता पैशाचे पाहू. वेतनस्तर १२ चे किमान मूळ वेतन ७९,८०० रुपये आहे. त्याच्या पुढचा, म्हणजे सहयोगी प्राध्यापकाचा स्तर, १,३१,४०० रुपयांपासून सुरू होतो. आधीच्या पायऱ्या लहान आणि ही एकच पायरी एवढी उंच. तिला पीएच.डी. अपरिहार्य आहे. पुढे महाविद्यालयात प्राध्यापकपद हवे असेल तर किमान दहा निबंध आणि ११० संशोधनगुण. पस्तिशी-चाळिशीतील शिक्षकाच्या आयुष्याची आखणी या उंच पायरीभोवती होते, यात त्याचा दोष नाही. घरात मुले शिकत असतात, गावाकडे आईवडील असतात. परंतु त्याच वर्षांत त्याचे विद्यार्थी मात्र त्याच्या उरल्यासुरल्या वेळावर शिकत असतात.

जे या कोष्टकांत बसत नाही, त्याची उदाहरणे शोधायला नगर जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि प्रवरा परिसरातील शेतकरी यांनी सहकारी साखर कारखाना काढला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष झाले ते गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ. १९५०-५१ च्या हंगामात या कारखान्याचे पहिले गाळप झाले आणि महाराष्ट्राच्या ग्रामीण अर्थकारणाची दिशा त्यातून बदलली. शेतकऱ्यांना भागभांडवल आणि घसारा समजावून सांगणाऱ्या अध्यापकाच्या या कामाला आजच्या संशोधनगुणांच्या कोष्टकात जागा नाही. संगमनेरच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत असताना रंगनाथ पठारे यांनी 'ताम्रपट' लिहिली आणि १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. आजच्या हिशेबाने ते फार तर एक पुस्तक, दहा गुण. तेही छाननी समितीने मान्य केले तर. त्याच महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकविणारे रावसाहेब कसबे यांनी महाराष्ट्राच्या वैचारिक जीवनात जे वाद उभे केले, त्यांचे मोल कोणत्या रकान्यात लिहिणार? गुणवत्तेला मान्यता देणे आणि गुण देणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे जुन्या पिढीला ठाऊक होते. म्हणूनच त्या पिढीत विद्यार्थी दूरच्या गावाहून विशिष्ट प्राध्यापकाचे नाव ऐकून येत असत.

राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये स्थापन झाले. तेथे शिक्षण आणि संशोधन यांच्या बरोबरीने विस्तारकार्य हे विद्यापीठाचे अधिकृत तिसरे काम मानले जाते. संशोधकाने वाण तयार करावा, शिक्षकाने तो वर्गात समजावावा आणि कोणी तरी तो शेतावर न्यावा. 'भगवा' डाळिंब किंवा 'फुले २६५' ऊस शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला तो या साखळीमुळे. कृषी विद्यापीठांचे दोष काही कमी नाहीत. तरीही शेतकऱ्याशी बोलणे हा तेथे नोकरीचा भाग आहे. शेजारच्या कला-वाणिज्य महाविद्यालयातील शिक्षक हिवरे बाजारच्या पाण्याच्या ताळेबंदावर निबंध लिहू शकतो आणि गुण मिळवू शकतो. परंतु तोच ताळेबंद घेऊन आपल्या विद्यार्थ्यांना त्यांच्या गावच्या विहिरी मोजायला लावणारा शिक्षक मात्र वर्षअखेरीस कोरा रकाना घेऊन बसतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. गुणांची पद्धत काढून टाकली तर त्या जागी काय येणार? खाजगी संस्थांच्या महाविद्यालयांत मूल्यमापन व्यक्तीच्या मर्जीवर सोपविले, तर संस्थाचालकांच्या जवळचा तो गुणी आणि प्रश्न विचारणारा तो नालायक, अशी विभागणी होण्यास वेळ लागणार नाही. रुक्ष कोष्टकाने अनेक स्वाभिमानी शिक्षकांचे रक्षण केले आहे. प्राचार्यांशी न पटूनही ज्यांना बढती मिळाली ते या आकड्यांमुळेच. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या नियमावलीचा जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात गुणांऐवजी नऊ प्रकारच्या 'उल्लेखनीय योगदाना'चा विचार करावा असे सुचविले होते. त्यात नावीन्यपूर्ण अध्यापन आहे, भारतीय भाषांतील अध्यापनाचे काम आहे, सामाजिक कार्यही आहे. कल्पना स्वागतार्ह आहे. परंतु उल्लेखनीय काय हे निवड समितीने ठरवायचे, आणि निवड समित्यांचा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांच्या मनात शंका आल्यावाचून राहत नाही. या दोन धोक्यांमधून वाट काढायची तर मूल्यमापन वरिष्ठांकडून नव्हे, तर त्याच विषयाच्या बाहेरील महाविद्यालयांतील शिक्षकांकडून झाले पाहिजे. विषय जाणणारा आणि पदोन्नतीशी हितसंबंध नसलेला माणूस वर्गात येऊन मागे बसला, तर पाऊण तासात पुष्कळ गोष्टी कळतात.

हे अशक्य नाही. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला, २०२४ मध्ये अहिल्यानगर हे नाव मिळालेला हा जिल्हा चौदा तालुक्यांचा आहे आणि प्रत्येक तालुक्यात महाविद्यालय आहे. एखाद्या विषयाला महाविद्यालयात एकच शिक्षक, ही तालुक्याच्या ठिकाणची नेहमीची स्थिती. अकोल्याच्या किंवा कर्जतच्या त्या एकट्या शिक्षकाला आपल्या विषयाबद्दल बोलायला वर्षभर कोणी भेटत नाही. त्याची खरी उपासमार ही आहे. नगरला विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. तेथे दर दोन महिन्यांनी एका विषयाचे शिक्षक जमले, प्रत्येकाने एक घटक कसा शिकविला हे दाखविले आणि इतरांनी त्यावर निर्भीडपणे मत दिले, तर त्याचा खर्च एका चर्चासत्राच्या मांडवाइतकाही होणार नाही. ऑनलाइन वर्गांनी ही गरज भागत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात दहा प्रश्न सोडवून मिळालेली रंगीत प्रमाणपत्रे अनेकांच्या संगणकात अजून पडून आहेत. पुरस्कारांबद्दल अधिक लिहिण्याची गरज नाही. २०२३ पासून राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार उच्च शिक्षणातील अध्यापकांनाही मिळू लागला, हे चांगलेच झाले. पण जेथे अर्ज शिक्षकालाच भरावा लागतो तेथे मान्यतेची गोडी निम्मी होते.

या सर्व चर्चेत ज्यांचा उल्लेखही सहसा होत नाही, ते तासिका तत्त्वावरील शिक्षक. राज्य शासनाने २०१८ मध्ये ३,५८० आणि २०२१ मध्ये २,०८८ सहायक प्राध्यापकांची पदे भरण्यास परवानगी दिली. परंतु निवृत्तीने रिकाम्या होणाऱ्या जागांचा ओघ थांबलेला नाही, आणि आज तालुक्याच्या महाविद्यालयांतील अध्यापनाचा मोठा भार या मंडळींच्या खांद्यावर आहे. ते नेट-सेट उत्तीर्ण आहेत, अनेक जण पीएच.डी. आहेत. त्यांना शिकविलेल्या तासाचेच पैसे मिळतात. सुट्टीचे नाहीत, परीक्षेच्या काळाचे नाहीत. आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकासाठी तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असा दर ठरविला. राज्यातील दर त्याहून बरेच खाली राहिले. प्रशिक्षणाची सर्वांत अधिक गरज असते ती नव्याने शिकवू लागलेल्याला, आणि प्रशिक्षणापासून सर्वांत दूर आहे तोही हाच. त्याने दोन आठवड्यांच्या वर्गाला जायचे म्हटले तर कर्तव्य रजा नाही, आणि तास बुडाले की मिळकत बुडते. ज्याची नेमणूक वर्षअखेरीस संपते त्याच्यावर खर्च कशाला, असा व्यवहारी विचार संस्थेने केला तर तिला दोष देता येईल. पण तोच विचार शासनही करीत आले आहे. मुले मात्र त्याच्याच हाताखाली शिकून पदवीधर होतात आणि त्यांतलेच काही उद्या शिक्षक होतात.

यातील एक गोष्ट नव्या नियमावलीची वाट न पाहता करता येईल. तासिका तत्त्वावरील शिक्षक प्रशिक्षण वर्गाला गेला तर त्या काळातील त्याचे तास घेतले असे समजून त्याला मोबदला द्यावा. आठवड्याला नऊ तास धरले तर दोन आठवड्यांचे अठरा तास होतात. आयोगाच्या दराने ही रक्कम माणशी २७,००० रुपये होते. राज्याच्या दराने त्याहूनही कमी.