दाहिने मुड! फौजी विद्यार्थ्यानं घेतलेली माझी शिकवणी



"सर, ह्याला मिलिटरीत टाका, तिथंच सरळ होईल." हे वाक्य पालकसभेत एकदाही ऐकलं नाही असा शिक्षक मला दाखवा. आमच्या वळसंगात तर ते मराठीतून आणि कन्नडमधून, दोन्हीकडून ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या मनात एक चित्र असतं. तिथं आरडाओरडा असतो, शिक्षा असते, पोरगं घाबरतं आणि घाबरलं की सुधारतं. मीही बरीच वर्षं असंच समजत होतो. माझं ते चित्र कसं बदललं, तेवढंच आज सांगायचं आहे.

झालं असं, की आमच्या शाळेतला एक जुना विद्यार्थी अग्निवीर झाला. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली आणि साडेसतरा वर्षांची पोरं भरतीच्या मैदानात पळायला लागली, त्यातलाच हा एक. आपल्याकडची बरीच मुलं बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात जातात, कुणी नाशिकला तोफखान्यात, कुणी खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये. हा कुठं गेला ते सांगत नाही. गोष्टी सगळीकडं सारख्याच असतात म्हणे.

सुट्टीवर आला तेव्हा तो शाळेत भेटायला आला. मी म्हणलं, "आलाच आहेस तर पोरांशी बोल जरा." मला वाटलं, देशभक्तीचं भाषण करेल. त्यानं सुरुवातच अशी केली, "पोरांनो, फौजेत पहिली लढाई कुणाशी असते माहितीये? गादीशी!"

मग त्यानं सांगितलं. बराकीत रोज सकाळी अंथरूण असं लावायचं, की चादरीला एक सुरकुती दिसता कामा नये. पहिल्याच तपासणीला उस्ताद त्याच्या खाटेजवळ थांबले. (फौजेत शिकवणाऱ्या हवालदाराला उस्ताद म्हणतात, बरं का.)

"कहां का है?"

"सोलापूर, उस्ताद!"

"सोलापूर की चादर पूरा हिंदुस्तान ओढता है, और तुझे बिछानी नहीं आती?"

शिक्षा काय? संध्याकाळी अख्ख्या बराकीतल्या खाटांवरच्या चादरी यानं एकट्यानं लावायच्या. "शेवटच्या खाटेपर्यंत मी मास्टर झालो होतो," तो म्हणाला, "आता घरी आईसुद्धा मलाच लावायला लावते." पोरं खदाखदा हसली.

दुसरी गोष्ट शेंगाचटणीची. आईनं डबा भरून दिलेला. बाहेरचं खाणं पेटीत ठेवायला मनाई. यानं डबा मोज्यात घातला, मोजा बुटात आणि बूट पेटीच्या तळाशी. पण सोलापूरची शेंगाचटणी लपते का? वासानंच घात केला. उस्तादांनी डबा उघडला, तर निम्मा रिकामा. "बाकी किसने खाया?" सगळी बराक गप्प. "ठीक है. खाया सबने, तो रगडा भी सबको." चाळीसच्या चाळीस जण मैदानावर कोलांट्या मारत गेले. रात्री रोलकॉल संपल्यावर उस्ताद हळूच म्हणाले, "थोडी बची है क्या?"

तिसरी गोष्ट महत्त्वाची आहे, कारण माझी शिकवणी तिथंच सुरू झाली.

कवायतीचे हुकूम हिंदीत. दाहिने मुड म्हणजे उजवीकडं, बाएं मुड म्हणजे डावीकडं. आता गंमत बघा. 'दाहिने'तला 'दा' ऐकला की मराठी पोराला 'डावा' आठवतो. हा पोरगा घरी कन्नड बोलणारा. कन्नडमध्ये उजवीकडं म्हणजे 'बलगडे' आणि डावीकडं म्हणजे 'एडगडे'. म्हणजे 'बाएं'तला 'बा' ऐकला की ह्याचं अंग उजवीकडं वळणार! शाळेत मराठी, घरात कन्नड आणि मैदानावर हिंदी. उस्ताद 'दाहिने मुड' ओरडले, सगळी रांग उजवीकडं वळली, हा एकटा डावीकडं. शेजाऱ्याच्या नाकाला नाक! दोघंही सावधानमध्ये, हलायची परवानगी नाही आणि दोघांनाही हसू आवरेना. हसला म्हणून शेजाऱ्यालाही शिक्षा. दोघांनी डोक्यावर रायफल धरून मैदानाला फेऱ्या मारल्या.

असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी उस्तादांनी जेवणाच्या वेळी त्याला बोलावलं. "घर में कौन सी भाषा बोलता है?" यानं सांगितलं. उस्ताद क्षणभर विचारात पडले, मग म्हणाले, "रोटी किस हाथ से खाता है? उठा वो हाथ. यही दाहिना है. अब भूलेगा तो खाना भी भूल जा." त्या दिवसापासून हा जेवायला बसला की सगळी तुकडी ओरडायची, "दाहिना!" आणि हा घास वर धरायचा. आठवड्याभरात चूक थांबली.

पोरं हसून हसून लोळायची बाकी होती. मीही हसत होतो. हसता हसता माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, शाळेत असतानाही तुझं असंच व्हायचं की!"

त्याचं हसू थांबलं. "ते राहू द्या, सर," तो म्हणाला, आणि दुसरा विषय काढला.

मित्रहो, मला सगळं आठवलं. तो सहावीत होता. पंधरा ऑगस्टच्या संचलनाची तयारी चालू होती. तो सारखा उलटा वळायचा. मी त्याला सगळ्या शाळेपुढं उभं केलं, खडूनं त्याच्या एका हातावर 'उ' आणि दुसऱ्यावर 'डा' लिहिलं आणि म्हणालो, "ह्याला उजवं-डावं कळत नाही, हा पुढं काय शिकणार?" अख्खी शाळा हसली. मी हात उगारला नाही. मोठ्या सुट्टीपर्यंत उभं केलं, एवढंच. पण पोरांनी त्या दिवशी त्याचं नाव 'उलट्या' पाडलं आणि ते नाव त्याला दहावीपर्यंत पुरलं.

आता हिशोब मांडून बघा. फौजेत त्याच चुकीसाठी त्याला कितीतरी कडक शिक्षा झाली. ती गोष्ट तो टाळ्या घेत सांगतो. माझी शिक्षा खडूच्या दोन अक्षरांची. ती त्याला आजही सांगवत नाही. असं का व्हावं?

मला तीन कारणं दिसतात.

एक, उस्तादांनी शिक्षा चुकीला दिली, मी माणसाला दिली. 'चादर लावता येत नाही' आणि 'हा पुढं काय शिकणार' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या वाक्यातून उद्या सकाळी बाहेर पडता येतं. दुसरं वाक्य पोरगं घरी घेऊन जातं.

दोन, तिथं तो एकटा नव्हता. चटणी सगळ्यांनी खाल्ली, कोलांट्या सगळ्यांनी मारल्या. फेऱ्या मारताना शेजारी सोबत होता. हसणारे त्याच्यासोबत हसत होते. माझ्या शाळेत सगळे एका बाजूला आणि तो एकटा दुसऱ्या बाजूला होता. सोबत हसणं आणि वर हसणं, यात शब्द एकच, पण पोराच्या पोटात पडणारा खड्डा वेगळा.

तीन, आणि हे मला शिक्षक म्हणून सगळ्यांत जास्त लागलं. उस्तादांनी शेवटी कारण शोधलं. पोरगा चुकतो का, हे त्यांनी पाचव्या दिवशी विचारलं. मी वळसंगात राहतो, इथल्या घराघरांत कन्नड बोलली जाते हे मला माहीत होतं. तरी 'बलगडे' माझ्या डोक्यात आलं नाही. मी शिकवायचं सोडून शिक्षा केली.

आता कुणी म्हणेल, "बघा, म्हणजे शिक्षा हवीच!" थांबा. फौजेत जाणारा साडेसतराच्या पुढचा, स्वतःहून गेलेला असतो. शारीरिक कसोट्या देऊन, स्पर्धेतून निवडलेला असतो. आपल्यापुढचं सहावीचं पोर तसं आलेलं नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नं शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी घातली आहे. आपण काठी खाली ठेवली, पण 'मानसिक छळ' हे शब्द नीट वाचले का? माझा खडू त्यात बसत होता.

आणि फौजेतलं सगळंच गोड असतं असंही नाही. निघताना त्यानं मला फाटकाजवळ आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच्या तुकडीत एक जाड अंगाचा मुलगा होता. त्याला एक जण सारखा नावं ठेवायचा, सगळ्यांपुढं. तो मुलगा अर्ध्यातून घरी गेला. "सर, त्याची गोष्ट मी पोरांना सांगत नाही. त्यात हसण्यासारखं काही नाही." म्हणजे गणवेश असो वा नसो, नियम तोच. फौजेतल्या गमतीजमती आपण ऐकतो त्या टिकलेल्यांच्या तोंडून. गेलेल्यांना कुणी भाषणाला बोलवत नाही.

"मग शिस्त लावायची कशी?" हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. मी जे करायला लागलोय ते सांगतो. चूक झाली की आधी विचारतो, "तुला काय ऐकू आलं?" उत्तर ऐकून निम्म्या वेळा माझीच चूक निघते. भरपाई चुकीशी जोडलेली देतो. कागद टाकला तर वर्ग झाडायचा, वही विसरली तर सुट्टीत बसून लिहून काढायची, आणि तेव्हा मी शेजारी बसतो. विषय त्याच दिवशी संपवतो, दुसऱ्या दिवशी त्याची आठवण काढत नाही. आणि मुलाला पडलेलं टोपणनाव कानावर आलं, की ते कुठून आलं ते शोधतो. बऱ्याचदा त्याचा उगम फळ्याजवळच असतो.

पालकांना एकच विनंती. 'मिलिटरीत टाका' म्हणून फौजेला सुधारगृह करू नका. तिथं जाण्यासाठी हजारो पोरं पहाटे उठून रस्त्यावर पळतात.

त्या दिवशी फाटकाजवळ मी त्याला म्हणालो, "सहावीत मी चुकलो रे." तो एकदम संकोचला. "असू द्या की सर," म्हणाला, आणि वाकून पाया पडायला लागला. मी त्याला धरून उभं केलं.

यंदाच्या पंधरा ऑगस्टच्या तयारीला मी पहिल्या दिवशी मुलांना विचारलं, "भाकरी कुठल्या हातानं खाता? वर करा." दीडशे हात वर गेले. "मराठीत उजवा, कन्नडमध्ये बलगडे, हिंदीत दाहिना. दाहिने मुड!"

सगळी रांग बरोबर वळली. मी मात्र मुलांकडं तोंड करून उभा होतो, गडबडीत त्यांच्यासारखाच दिसावं म्हणून उलटा वळलो. पोरं हसली. मीही हसलो, आणि डोक्यावर हात धरून मैदानाला एक फेरी मारली.